निवेदनं देऊन झाली, आता पुढे काय? अहिंसक आंदोलनाबद्दल एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाला लागून दोन दगडखाणी आणि दगड फोडून खडी करणारा एक क्रशर. पिकांवर धूळ बसते, सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेलेत, शाळेसमोरून दिवसभर डंपर पळतात. तहसील कचेरीत तीन निवेदनं दिली. तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. आता तरुण पोरं म्हणतात हायवे अडवू, वेळ पडली तर डंपरच्या काचा फोडू. जुनी माणसं म्हणतात, कुणीतरी आमरण उपोषणाला बसा. आणि खरं जे विचारायचंय ते शेवटच्या ओळीत आलंय: शांततेच्या आंदोलनाला आजच्या काळात कोण विचारतो?

मी बरीच वर्षं धरणग्रस्त, वनजमीन कसणारे आदिवासी आणि खाणींच्या आसपासची गावं यांच्या संघटनांबरोबर काम केलंय. माझं उत्तर असं की नुसत्या शांततेला कुणीच विचारत नाही. गप्प बसलेली माणसं तर सरकारला हवीच असतात. तुमच्यावाचून समोरच्याचं नेमकं कुठे अडतं ते ज्या दिवशी तुम्ही शोधता आणि तिथला आपला हात काढून घेता, त्या दिवशी साहेबांचा फोन येतो. तोवर मोर्चाला किती माणसं होती याची चर्चा दुसऱ्या दिवशीच्या पेपरपुरती.

महाडचा सत्याग्रह आपण शाळेपासून ऐकतो, पण आंदोलन म्हणून तो क्वचितच कुणी नीट वाचतो. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागद पक्का होता. तरी पुढची तीन वर्षं त्या तळ्यात अस्पृश्य माणसाला ओंजळ बुडवता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले प्रतिनिधी रांगेनं तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळं खुलं करा असं निवेदन त्यांनी कुणाला दिलं नाही. जे कागदावर त्यांचं होतं ते त्यांनी वापरलं, एवढंच. थेट कृती म्हणतात ती ही. तिच्यात मागणी आणि अंमलबजावणी एकाच वेळी होते, आणि नाही म्हणायचं तर ते समोरच्याला उघडपणे, सगळ्यांदेखत म्हणावं लागतं.

आणि समोरच्यांनी ते म्हटलंच. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या घेऊन जमाव धावून गेला. परिषदेला फौजेत नोकरी केलेली माणसं होती, त्यांना हाणामारी नवी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना कोर्टात शिक्षा झाली. विचार करा, त्या दुपारी हात उचलला गेला असता तर पाण्याचा प्रश्न तिथंच मिटला असता आणि उरली असती ती दंगल. दोन्ही बाजूंवर खटले, दोन्ही बाजूंची चूक.

महाडचा दुसरा भाग लोक विसरतात. नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये तो जुना ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला महाडात जागा मिळेना, ती एका मुसलमान गृहस्थानं दिली. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनं आले. ऐन वेळी सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. माणसं पेटलेली, नावनोंदणी झालेली, तरी चर्चा होऊन परिषदेनं तळ्यावर जाणं तहकूब केलं. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, शहरातून मिरवणूक निघाली आणि तळ्याची लढाई कोर्टात गेली. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. दहा वर्षं. तुमच्या गावात जो कुणी म्हणतो की आठ दिवसांत सोक्षमोक्ष लावू, त्याला ही तारीख दाखवा.

आता तुमच्या खाणीकडे येऊ. पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारतो, आणि तो विचारला की बैठकीत कुजबुज सुरू होते: क्रशरला पाणी कोण विकतं? धूळ बसवायला म्हणा, मजुरांना म्हणा, पाणी लागतंच, आणि ते बहुतेक वेळा गावातल्याच कुणाच्या तरी विहिरीतून टँकरनं जातं. खाणीची जमीन कुणाच्या भावकीतली आहे? डंपर कुणाचे आहेत? दहातले चार गावातल्याच पोरांनी फायनान्सवर घेतलेले असतात आणि महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जायचा असतो. क्रशरवर रखवालदार कोण, कोपऱ्यावरची टपरी कुणाची, मालकाकडून गणपतीची वर्गणी कुठलं मंडळ घेतं? हे सगळं एका वहीत लिहून काढा. वही पुरी झाली की तुमच्या लक्षात येईल, खाण निम्मी गावच चालवतंय. हे ऐकायला कडू आहे, पण ताकदही तिथंच आहे. जे आपण चालवतो ते आपण थांबवूही शकतो.

मात्र हे सोडवण्याआधी रस्त्यावर उतरलात तर काय होतं, ते पुण्याजवळच्या मुळशीनं दाखवलंय. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे म्हणजे तिथले शेतकरी धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. सुरुवात याहून चांगली काय हवी? पण बऱ्याच जमिनी कसणाऱ्या मावळ्यांच्या नावावर नव्हत्याच, त्या पुण्याच्या सावकारांकडे होत्या. सावकारांना जमीन म्हणजे घातलेला पैसा. मोबदला चांगला मिळतोय म्हटल्यावर त्यांनी तो घेतला, आणि मावळ्यांच्या पायाखालची जमीन अक्षरशः विकली गेली. लढा पुढं तीन वर्षं चालला, माणसं तुरुंगात गेली, आणि पाठबळ आटत गेलं. १९२४ च्या अखेरीस सेनापती बापटांनी रेल्वे अडवून शस्त्र वापरलं, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि आंदोलन संपलं. बापटांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण शस्त्राचा विचार बहुधा तेव्हाच बळावतो जेव्हा सोबतची माणसं गळत असतात, आणि शस्त्र आलं की उरलेलीही गळतात.

म्हणून डंपरवाल्या पोरांशी बोलणं हे तुमचं पहिलं काम. त्यांना गावद्रोही ठरवू नका. त्यांच्या घरी जा, आईवडिलांसमोर बोला. हप्त्याचं काय करायचं, दुसरीकडं भाडं मिळवून देता येईल का, गावच्या बांधकामाची वाहतूक त्यांनाच देता येईल का, हे विचारा. दोघंजण तरी फुटून तुमच्या बाजूला आले की मालकाला पहिल्यांदा घाम फुटतो. त्याला ग्रामसभेच्या ठरावाची सवय असते, स्वतःचाच डंपर न येण्याची नसते.

दुसरं काम कागदाचं. हे रटाळ आहे आणि तरुणांना अजिबात आवडत नाही. खाणपट्ट्याच्या आदेशाची प्रत, त्यातल्या अटी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव कधी आणि कुणाच्या सहीनं झाला, भरलेलं स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि दिलेले वाहतूक परवाने. माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवस थांबा, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याचं कार्यालय, तहसील आणि मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय या तीन ठिकाणी वेगवेगळे अर्ज करा, कारण त्यांच्या उत्तरांत मेळ बसत नाही आणि आपलं काम त्या फटीतच होतं.

याच्या जोडीला स्वतःची नोंद हवी. एका गावात मी पाहिलेली पद्धत सांगतो. एसटी थांब्याशेजारी भाजी विकायला बसणाऱ्या बायकांनी शाळेची दोनशे पानी वही घेतली होती. रकाने चार: वेळ, गाडीचा नंबर, ताडपत्री आहे की नाही, आणि शाळा सुटायची वेळ असेल तर फुली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या नंबर वाचून घ्यायला शाळेतून येणाऱ्या पोरांना हाक मारायच्या. बैठकीत अधिकारी म्हणाले, दिवसाला परवाने इतकेच काढलेत, तक्रारीत तथ्य नाही. एका आजींनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, मग या बाकीच्या गाड्या काय माझ्या भाजीच्या होत्या?" परवान्यावर जेवढ्या खेपा त्याच्या कितीतरी जास्त वहीत होत्या. त्या बैठकीचा नूर तिथं बदलला. घोषणांना उत्तर द्यायची अधिकाऱ्यांना सवय असते, वहीला नसते.

आता मागणी. "खाण बंद झालीच पाहिजे" ही घोषणा ठीक आहे, पण निवेदनात एवढंच असेल तर ते फायलीत जातं, कारण तहसीलदाराला तो अधिकारच नसतो आणि ज्याला असतो तो तुम्हाला भेटत नाही. प्रत्येक टेबलावरच्या माणसाला त्याच्या सहीनं होईल असं काहीतरी मागा. तहसीलदारानं विनापरवाना वाहतुकीवर पंचनामा करून दंड करावा. मंडळानं पाहणी करून संमतिपत्रातल्या अटी पुऱ्या होईपर्यंत क्रशर थांबवावा. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी डंपर बंद. भेगा पडलेल्या घरांचं सर्वेक्षण बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून, तारखेसह. ही यादी घोषणेइतकी खणखणीत वाटत नाही हे मान्य. पण यातली एक गोष्ट झाली की दुसरीची वाट मोकळी होते, आणि खाण शेवटी बंद होते ती बहुतेकदा अशीच, अटी मोडल्याच्या कागदानं.

रायगडच्या महामुंबई सेझविरुद्धच्या (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या) लढ्यात हेच झालं. पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या शेतकऱ्यांची जमीन जाणार होती, समोर देशातली सगळ्यात मोठी कंपनी. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि अनेक संघटना मैदानात होत्या, मोर्चे निघाले, उपोषणं झाली. पण नेमका कोपरा सापडला तो हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात. ही ओलिताखाली येणारी जमीन, तिचं सेझ कसं करता, या प्रश्नावर सरकार अडचणीत आलं आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथल्या २२ गावांत सरकारलाच शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. शेतकऱ्यांनी प्रचंड संख्येनं विरोधात कौल दिला. पुढे ते भूसंपादन बारगळलं. मोर्च्यांनी दार वाजवलं हे खरं, पण फट होती ती धरणाच्या कालव्यात, आणि ती शोधायला कुणीतरी सिंचनाचे नकाशे उघडून बसलं होतं.

हायवे अडवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. रस्ता सगळ्यांचा आहे, क्रशरचं गेट मालकाचं आहे. बसायचं तर गेटवर बसा. रास्ता रोकोत अडकतो तो दवाखान्यात निघालेला रुग्ण, पेपरला निघालेली पोर आणि दुधाचा टेम्पो. खाणमालक त्या दिवशी घरी एसीत असतो. शिवाय तासाभरात वाहतूक सुरळीत करणं हे पोलिसांचं कर्तव्य होतं आणि लोकही त्यांच्याच बाजूनं असतात. या बाबतीत मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च डोळ्यांसमोर ठेवा. किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो शेतकरी, त्यात बहुसंख्य आदिवासी, ६ मार्चला नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. ११ तारखेच्या रात्री मुक्काम शीवच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहावीचा पेपर. सकाळी मोर्चा निघाला असता तर शहर तुंबलं असतं. सोललेल्या पायांची ती माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि अंधारात चालत पहाटे आझाद मैदानात पोहोचली. त्या एका निर्णयानं जे झालं ते दहा सभांनी झालं नसतं. ज्या मुंबईकराला वनहक्क कायदा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं तो पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि चपला घेऊन रस्त्यावर उभा राहिला. १२ तारखेला सरकारनं लेखी आश्वासन दिलं.

पण या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू असं ठरलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांना पुन्हा निघावं लागलं. मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिंडोरीहून निघून ते वाशिंदपर्यंत आले. लेखी आश्वासन म्हणजे कामाची सुरुवात, हे आंदोलनातल्या जुन्या माणसांना पाठ असतं, नव्यांना पेढे वाटायची घाई असते. तुमच्या बाबतीत बैठक संपताना तीन गोष्टी कागदावर हव्यात: काय करायचं, कोणत्या अधिकाऱ्यानं, कोणत्या तारखेपर्यंत. आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथंच ठरवा. इतिवृत्ताची प्रत हातात पडल्याशिवाय ठिय्या उठवू नका. "उद्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो" याला हसून नमस्कार करा आणि बसून राहा.

काचा फोडण्याबद्दल मी नैतिक प्रवचन देणार नाही. पोरांना व्यवहार सांगा. काच फुटली की विषय धुळीचा राहत नाही, दगडाचा होतो. त्या दिवसापासून बायका बैठकीला यायच्या बंद होतात, म्हातारी माणसं घरातून बाहेर पडत नाहीत, आणि संख्या एकदम पाव होते. गुन्हा दाखल होतो, पोलीस भरतीला निघालेल्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो, आणि कोर्टाच्या तारखा इतकी वर्षं चालतात की तोवर डोंगर संपलेला असतो. मालकाला मात्र काच विम्यातून मिळते. कित्येकदा पहिला दगड कोण मारतो हेही बघून ठेवा. गर्दीत अनोळखी चेहरा सगळ्यात जास्त ओरडत असेल तर त्याला शेजारी बसवून चहा पाजा आणि कुठल्या गावचा ते विचारा. जगभरच्या लढ्यांचे आकडे काढणाऱ्या एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. त्यांत अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी ठरल्या आणि सशस्त्र मोहिमांपैकी २६ टक्के. ते सत्तापालटाचे, स्वातंत्र्याचे लढे होते, ते माप गावच्या खाणीला जसंच्या तसं लावता येत नाही. कारण मात्र दोन्हीकडे एकच आहे: शांततेच्या लढ्यात आजी, शाळामास्तर, दुकानदार सगळे येऊ शकतात, आणि सगळे आले की समोरच्याचे आधार सुटतात.

शांत राहणं आपोआप जमत नाही, त्याची तालीम करावी लागते. याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि त्याची एक वाट नागपुरातून जाते. जेम्स लॉसन नावाचे कृष्णवर्णीय तरुण मेथडिस्ट कार्यकर्ते १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तिथं त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर १९५९ मध्ये नॅशव्हिल शहरात एका चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. वर्गात व्याख्यान कमी आणि नाटक जास्त. काही जण गोऱ्या गुंडांची भूमिका करायचे: शिव्या द्यायच्या, खुर्ची ओढायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बाकीच्यांनी सरळ बसून राहायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुलं शहरातल्या दुकानांमधल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. मार बसला, अटका झाल्या, एकाची जागा दुसरा घेत राहिला. त्याच वेळी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांनी शहरातल्या दुकानांतून खरेदी बंद केली. १० मे रोजी सहा दुकानांनी आपले काउंटर सर्वांना खुले केले. बसणाऱ्यांची हिंमत दिसली, पण दुकानदाराला खरा चटका गल्ल्यात बसला. दोन्ही मिळून काम झालं.

आमच्याकडं अशी तालीम शाळेच्या व्हरांड्यात होते. एकजण हवालदार, एकजण मालकाचा माणूस, एकजण कॅमेरा घेऊन आलेला. हवालदार झालेला गडी पहिल्यांदा लाजतो, मग रंगात येतो आणि आपल्याच चुलत्याच्या कॉलरला हात घालतो. हशा पिकतो. तरीही खोट्या शिवीनंसुद्धा कुणाचा हात वर जातो ते त्या दिवशी कळतं. त्याला पुढच्या रांगेत बसवायचं नाही. पाण्याची, जेवणाची जबाबदारी द्यायची. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दारांवर बसवल्या होत्या. नावं आधी ठरलेली, तुकड्या ठरलेल्या. येईल तो येईल अशी ती गर्दी नव्हती.

याच तालमीत घरचे प्रश्नही काढा. अटक झाली तर कुणाच्या म्हशीच्या धारा कोण काढणार? रक्तदाबाची गोळी कुणाला लागते? जामिनाला सातबारा घेऊन कोण उभं राहणार? आपल्यातला एक वकील आणि दोन जाणती माणसं मुद्दाम अटकेपासून बाजूला ठेवा. पोलिसांची नोटीस बहुधा आदल्या संध्याकाळी येते. पूर्वी तिला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून १४९ ची नोटीस म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालंय. घाबरू नका, फाडू नका. सही करून घ्या आणि लेखी उत्तर द्या: आमचं आंदोलन अमुक ठिकाणी, अमुक वेळेत, शांततेनं होणार आहे, स्वयंसेवकांची नावं ही आहेत. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का तेही आधी बघून ठेवा, तो वर्षातला बराच काळ लागूच असतो. आदेश मोडायचा असेल तर जाणूनबुजून, उघडपणे, परिणाम स्वीकारून मोडा. मला माहीत नव्हतं असं सत्याग्रही म्हणत नाही.

वाटाघाटीला जाताना पाचजणांचं शिष्टमंडळ असेल तर त्यात निदान दोन बायका हव्यात, आणि त्या शोभेला नकोत, वही ज्यांनी लिहिली त्याच हव्यात. आत काय ठरतंय ते बाहेर येऊन सर्वांना सांगायचं, हात वर करून संमती घ्यायची आणि मगच सही. एकट्या पुढाऱ्याला केबिनमध्ये बोलावणं आलं तर त्यानं जाऊच नये. तो कितीही सरळ असला तरी बाहेर आल्यावर त्याच्या खिशाकडे लोक बघतात.

थांबवण्याबरोबर उभं करण्याचंही एक उदाहरण मनात ठेवा, कारण पोरांना कामाला लावायला ते उपयोगी पडतं. सांगली जिल्ह्यात येरळा नदीच्या वाळूचा ठेकेदारांकडून उपसा होत होता आणि दुष्काळी गावं कोरडी पडत होती. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी तो उपसा अडवला. पण तिथं न थांबता बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी थोडी वाळू स्वतः विकायची परवानगी मिळवून, श्रमदान करून, १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. पाणीवाटप असं ठरवलं की भूमिहीनालाही वाटा. सरकारला "धरण द्या" म्हणणाऱ्या निवेदनापेक्षा उभं राहिलेलं धरण जास्त बोलकं. तुमच्या गावात खाणीचा सोडून दिलेला खड्डा पाण्यानं भरत असेल, डोंगराच्या पायथ्याला झाडं लावता येत असतील, तर तेही आंदोलनच आहे. शिवाय रोज बसायला, भेटायला निमित्त मिळतं.

हे सगळं करूनही हरू शकता. मुळशी हरली. काळारामचं दार सत्याग्रहानं उघडलं नाही. चार वर्षांनी, १९३४ मध्ये, बाबासाहेबांनीच नाशिकचे आपले सहकारी दादासाहेब गायकवाडांना कळवलं की हा मार्ग आता पुरे. त्यांचा हेतू लोकांत चेतना आणण्याचा होता आणि तो साधला होता. ज्या आंदोलनाला थांबायचं कुठं ते कळत नाही ते शेवटी पाच माणसांचा मांडव होऊन बसतं, आणि तो मांडव बघून पुढची दहा वर्षं गावात कुणी उठत नाही.

राहिलं उपोषण. जुनी माणसं साने गुरुजींचं नाव घेतात म्हणून तेवढं सांगतो. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी १ मे १९४७ रोजी उपोषणाला बसले आणि दहा दिवसांत तोडगा निघाला. हे खरं. पण त्यांना आधीच बसायचं होतं. सहकाऱ्यांनी त्यांना थांबवलं, आणि मधल्या महिन्यांत त्यांनी राष्ट्र सेवा दलाच्या पथकासह महाराष्ट्र पालथा घातला. गावोगाव सभा झाल्या, कितीतरी ठिकाणी विहिरी आणि देवळं आधीच खुली झाली. उपोषण सुरू झालं तेव्हा बडव्यांवर दबाव गुरुजींच्या पोटाचा कमी आणि त्या गावांचा जास्त होता. तुमच्या गावात अजून वही भरलेली नाही, डंपरवाली पोरं दुसऱ्या बाजूला आहेत, आणि क्रशरला पाणी आपलाच माणूस विकतोय. अशात कुणी आमरण बसला तर तिसऱ्या दिवशी रुग्णवाहिका येईल, सलाइन लागेल, कुणीतरी पुढारी लिंबूपाणी देऊन फोटो काढेल आणि चौथं निवेदन दिल्यासारखं होईल. अगदीच बसायचं असेल तर साखळी उपोषण करा, रोज एका आळीचं, क्रशरच्या गेटसमोर. त्यानं कुणाचा जीव जात नाही आणि प्रत्येक आळीला एक दिवस तरी आपल्या नावावर लिहावा लागतो.

सुरुवात येत्या ग्रामसभेपासून करा. ना-हरकत ठराव रद्द करायचा विषय पत्रिकेवर घ्यायला सरपंचांना लेखी द्या, आणि त्याच दिवशी एसटी थांब्यावरच्या मावशींना वही घेऊन द्या. पाणी विकणाऱ्याच्या घरी मात्र पुढाऱ्यानं जाऊ नये. त्याच्या सख्ख्या बहिणीला पाठवा.